शिरूरचे दोन गुंठे आणि स्टेम सेल : एका आईच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही हडपसरला राहता, मुलगा साडेचार वर्षांचा आहे. तो तीनचा असताना ऑटिझमचं निदान झालं. आता एका क्लिनिकनं स्टेम सेलच्या चार ‘सिटिंग’ सांगितल्यात. प्रत्येक सिटिंगचे पैसे लाखांत आहेत आणि ‘पाच वर्षांच्या आत केलं तरच फरक पडतो’ म्हणून घाई चालली आहे. तुमचे मिस्टर शिरूरचे दोन गुंठे विकायला निघालेत. मुलाच्या जन्माच्या वेळी नाळेतलं रक्त एका खाजगी बँकेत ठेवलंय, ते वापरता येईल का, हेही तुम्ही विचारलंय. आणि सासूबाईंचं म्हणणं असं, की हे सेल पडलेल्या गर्भातून काढत असतील तर ते आपल्या घरात नको.

मी रक्तविकारांची डॉक्टर आहे. गेली बावीस वर्षं पुण्यात बोन मॅरो ट्रान्सप्लांटचं, म्हणजे हाडातल्या रक्त बनवणाऱ्या मज्जेच्या प्रत्यारोपणाचं काम करते. स्टेम सेल ही माझ्या रोजच्या हातातली गोष्ट आहे. त्यामुळे पहिल्यांदा उत्तर सांगते : जमीन विकू नका. पण नुसतं एवढं सांगून भागणार नाही. त्या क्लिनिकमध्येही डॉक्टरच बसले आहेत आणि ते उलट सांगताहेत. कोणावर विश्वास ठेवायचा हे तुम्हाला स्वतःला ठरवता यावं, म्हणून सविस्तर लिहिते.

स्टेम सेलनं बरं होतं का? होतं. मी ते पाहिलंय. काही वर्षांपूर्वी पिंपरीहून एक सहा वर्षांची मुलगी यायची, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीर पुरेसं रक्त बनवू शकत नाही असा जन्मजात आजार. दर तीन आठवड्यांनी रक्त भरायचं, रक्तातून साठणारं लोह काढायला रोज गोळी. तिच्या भावाचा एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, पूर्ण जुळला. सख्ख्या भावंडात पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, ती तिच्या वाट्याला आली. आधी दहा दिवस केमो देऊन तिची स्वतःची मज्जा रिकामी केली, मग भावाच्या कंबरेच्या हाडातून काढलेली मज्जा साध्या रक्ताच्या पिशवीसारखी तिच्या शिरेतून सोडली. बघणाऱ्याला वाटतं, एवढंच? तासाभरात पिशवी संपते. पण त्या पेशी रक्तातून फिरत फिरत आपापल्या हाडांत जाऊन बसतात. अठराव्या दिवशी तिच्या पांढऱ्या पेशी वर येऊ लागल्या तेव्हा तिची आई काचेच्या बाहेर उभी राहून रडत होती. त्या मुलीला नंतर कधी रक्त भरावं लागलं नाही. आज ती कॉलेजात आहे आणि तिचा रक्तगट भावाचा आहे.

(जाता जाता एक. थॅलेसेमिया ‘आपल्यात नसतो’ असं मराठी घरांत अजूनही ऐकते. सिंधी, लोहाणा, पंजाबी कुटुंबांत वाहकांचं, म्हणजे स्वतः आजारी नसून दोष मुलांना देऊ शकणाऱ्यांचं, प्रमाण जास्त आहे हे खरं, पण तो आपल्यातही असतो. लग्नाआधी दोघांची एचबी-ए२ ही रक्ततपासणी करून घ्यायला पत्रिका जुळवण्याइतकाही वेळ लागत नाही.)

त्याच खोलीत पुढे एक मुलगा आम्ही गमावला. मॅच उत्तम होता, पेशी रुजल्याही होत्या, पण दात्याच्या पेशींनी त्याच्या त्वचेवर आणि आतड्यांवर हल्ला चढवला आणि सगळी औषधं थकली. हे मुद्दाम सांगते. खऱ्या उपचारालाही किंमत असते आणि ती सही घेण्याच्या आधी आईवडिलांसमोर बसून सांगावी लागते. लहान वय, पूर्ण जुळणारं भावंड आणि चांगलं केंद्र असेल तर थॅलेसेमियात दहापैकी आठ-नऊ मुलं बरी होतात. उरलेल्या एक-दोघांविषयी मी प्रत्येक कुटुंबाशी बोलते. तुमच्याशी क्लिनिकमध्ये कोणी असं बोललं का, हे आठवून पाहा.

आता मुळाशी जाऊ. टोरांटोच्या टिल आणि मॅक्युलॉक या दोघांनी १९६१ मध्ये किरणांनी मज्जा मारलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांच्या मज्जेतल्या पेशी टोचल्या. काही दिवसांनी त्या उंदरांच्या पोटातल्या प्लीहा या अवयवावर बारीक गाठी उठल्या आणि पुढे सिद्ध झालं की एकेक गाठ एकेका पेशीपासून वाढली होती. एक पेशी स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करते आणि रक्ताच्या वेगवेगळ्या पेशीही घडवते, हे तिथे कळलं. अशा पेशीला स्टेम सेल, मराठीत मूलपेशी म्हणतात. भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात झालं. म्हणजे हे तंत्र आपल्याकडेही चाळीस वर्षांहून जुनं, तावून सुलाखून निघालेलं आहे.

पण मज्जेतली ही मूलपेशी रक्तच बनवते. तुमच्या प्रश्नाची सगळी गुरुकिल्ली इथे आहे. शरीरात मूलपेशी ठिकठिकाणी असतात आणि प्रत्येकीला आपलं घर, आपलं काम ठरलेलं असतं. आजवर जिथे जिथे पक्कं यश मिळालं, तिथे पेशी तिच्याच घरी, तिच्याच कामाला लावलेली दिसेल. माझं आवडतं उदाहरण डोळ्याचं आहे. तंबाखूबरोबर खायच्या चुन्याची प्लॅस्टिकची पुडी लहान मुलं खेळायला घेतात, दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. बुबुळाच्या कडेला ज्या मूलपेशी असतात त्या जळतात आणि बुबुळावर पांढरा पडदा चढतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या कडेचा एक इवलासा तुकडा घेऊन, त्याचे बारीक कण जळलेल्या बुबुळावर पसरण्याची पद्धत विकसित झाली. २०१२ मध्ये ती जगापुढे आली. महागडी प्रयोगशाळा लागत नाही आणि मुलाला पुन्हा दिसू लागतं. त्वचेचंही तसंच. २०१७ मध्ये इटलीच्या मिकेले दे लुका यांच्या गटानं सात वर्षांच्या एका सिरियन मुलाची जवळजवळ ८० टक्के त्वचा, जनुकातला दोष दुरुस्त करून, प्रयोगशाळेत वाढवून दिली. तो मुलगा जर्मनीत मरणाच्या दारात होता, पुढे तो शाळेत जाऊ लागला. आपल्या वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयात हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात आजाराच्या, पाच रुग्णांच्या स्वतःच्या रक्तमूलपेशींत जनुक घालून त्या परत दिल्या आणि त्यानंतर त्यांचे रक्तस्राव थांबले. २०२४ च्या अखेरीस हे प्रसिद्ध झालं तेव्हा आमच्या विभागात पेढे वाटले होते.

आता तुमच्या क्लिनिकची पद्धत पाहू. तुम्ही पाठवलेल्या कागदावरून दिसतं ते असं : मुलाला भूल देऊन कंबरेच्या हाडातून मज्जा काढायची, यंत्रात फिरवून काही तासांत पेशी वेगळ्या करायच्या आणि त्याच दिवशी पाठीच्या मणक्यातून, मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडायच्या. म्हणजे रक्त बनवणारी पेशी मेंदूच्या दारात नेऊन ठेवायची आणि तिनं तिथे मेंदूची कामं करावी अशी अपेक्षा धरायची. ती चेतापेशी होत नाही. ‘ती तिथे सूज कमी करते, चांगली रसायनं सोडते’ असं तुम्हाला सांगितलं असेल. ही कल्पना आहे. कल्पना तपासायला हरकत नाही, पण तपासताना पैसे घ्यायचे नसतात.

आणि ही कल्पना तपासलीही गेली आहे, तीही नाळेच्या रक्तावर. म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं ऑटिझम असलेल्या २ ते ७ वर्षांच्या १८० मुलांवर चाचणी घेतली. काहींना स्वतःचं किंवा दात्याचं नाळेतलं रक्त दिलं, काहींना नुसतं दिसायला तसंच द्रावण. कोणाला काय दिलं हे आईवडिलांनाही माहीत नव्हतं आणि मुलांचं मोजमाप करणाऱ्यांनाही नाही. सहा महिन्यांनी लोकांत मिसळण्याची कौशल्यं मोजली. २०२० मध्ये निकाल आला : दोन्ही गटांत फरक सापडला नाही. ही चाचणी घेणारे लोक या उपचाराचे विरोधक नव्हते, उलट त्यांना त्यातून मोठी आशा होती. तरी त्यांनी जे निघालं ते छापलं. विज्ञान असं चालतं.

मग क्लिनिकच्या व्हिडिओतली मुलं सुधारतात ती कशी? तुमचा मुलगा गेल्या वर्षभरात काहीच शिकला नाही का? तुम्हीच लिहिलंय की तो आता बोट धरून फ्रिजकडे नेतो आणि ‘पाणी’ म्हणतो. मुलं वाढतात, ऑटिझम असलेली मुलंही वाढतात. त्यात सिटिंगबरोबर रोज दोन-तीन तास स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी करून घेतात. आणि जमीन विकून आलेली आई मुलातली प्रत्येक बारीक हालचाल टिपत असते. मी कोणाच्याही डोळ्यांना खोटं ठरवत नाही. पण श्रेय पेशींना द्यायचं की थेरपीला, हे अशा व्हिडिओवरून कधीच कळणार नाही. ‘पाच वर्षांच्या आत’ ही घाईसुद्धा थेरपीच्या शास्त्रातून उचललेली आहे. लवकर सुरू करावं हे खरं आहे, पण ते थेरपीबद्दल खरं आहे.

कायद्याचं आणि नियमांचं थोडक्यात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं रक्तमूलपेशींचं प्रत्यारोपण हाच प्रस्थापित उपचार आहे. बाकी सगळं संशोधन आहे, आणि ते मंजूर चाचणीतच व्हायला हवं. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्यासाठी पैसे घ्यायचे नसतात, इजा झाली तर भरपाई द्यावी लागते आणि चाचणी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवावी लागते. ती नोंदवही इंटरनेटवर कोणीही बघू शकतं. ऑटिझममध्ये हा उपचार म्हणून करू नये, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नैतिकता मंडळानंही २०२२ मध्ये सांगितलं आहे. मंजुरी मिळूच शकत नाही असंही नाही. बर्जर्स नावाच्या पायाच्या रक्तवाहिन्यांच्या आजारात एका बंगळुरूच्या कंपनीच्या पेशी-उत्पादनाला रीतसर चाचण्यांनंतर औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. रस्ता आहे, तो लांब आहे, आणि काही लोकांना त्यावरून चालायचं नसतं.

धोका काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, कारण क्लिनिकनं ‘स्वतःच्याच पेशी, साइड इफेक्ट नाही’ असं सांगितलंय. भूल, मणक्यातून जंतुसंसर्ग, झटके, हे आहेच. त्यापलीकडचंही घडलं आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एका क्लिनिकमध्ये तीन स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या. त्या स्त्रिया डोळ्यांच्या आजारासाठीच आल्या होत्या, पण त्यांना दिसत होतं. त्यांची दृष्टी गेली. २०१७ मध्ये ही हकिगत वैद्यकीय नियतकालिकात आली. त्याआधी एका इस्रायली मुलाला मॉस्कोत नेऊन गर्भातल्या चेतापेशी मेंदूत टोचल्या होत्या. चार वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मणक्यात गाठी सापडल्या आणि मणक्यातली गाठ काढून तपासल्यावर तिच्यातल्या पेशी त्याच्या नव्हत्याच, दात्याच्या होत्या.

आता सासूबाई. त्यांच्या प्रश्नाला ‘जुने विचार’ म्हणून बाजूला सारू नका. जगातल्या मोठमोठ्या संसदा याच प्रश्नावर वर्षानुवर्षं भांडल्या आहेत.

त्यांना सांगा, की या क्लिनिकमध्ये गर्भाचा काही संबंध नाही, मुलाचीच मज्जा आहे. वाद ज्या पेशींचा आहे त्या वेगळ्या. १९९८ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी पाच-सहा दिवसांच्या मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या काढून वाढवल्या. टेस्ट ट्यूब बेबीसाठी तयार केलेले पण न वापरलेले भ्रूण जोडप्यांनी संमतीनं दिले होते. त्या वेळी भ्रूण म्हणजे शे-दीडशे पेशींचा, मिठाच्या कणाहूनही लहान गोळा. त्यात ना मेंदू असतो ना हृदय. पण त्यातून पेशी काढल्या की तो संपतो, आणि गर्भाशयात ठेवला असता तर कदाचित मूल झाला असता, हेही खरं. या पेशी शरीरातलं काहीही बनू शकतात, म्हणून त्यांचं आकर्षण. ज्यांच्या मते माणूस गर्भधारणेच्या क्षणीच सुरू होतो त्यांना हे मान्य होणं शक्यच नव्हतं. २००१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या भ्रूणपेशींच्या संशोधनाचा सरकारी पैसा थांबवला, २००९ मध्ये पुढच्या अध्यक्षांनी तो निर्णय फिरवला. ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीनं १९८४ मध्ये चौदा दिवसांची सीमा सुचवली. चौदाव्या दिवसाच्या आसपास भ्रूणात पहिली रेघ उमटते, जिच्यापासून पुढे शरीराचा आराखडा ठरतो, आणि तिच्यानंतर एका भ्रूणाची जुळी होत नाहीत. भारतातही तीच सीमा धरली आहे.

माझं मत विचाराल तर भ्रूणाचा मान राखून, संमतीनं केलेलं संशोधन मला मान्य आहे. आपल्या २०२१ च्या एआरटी (टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांच्या) कायद्यानुसार भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं गोठवून ठेवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीनं संशोधनाला द्यायचे. नष्टच होणार असतील तर त्यातून कोणाचं भलं का होऊ नये, असं मला वाटतं. पण एका जोडप्यानं मला सांगितलं होतं, ‘मॅडम, सात वर्षं आम्ही या भ्रूणांची फी भरतोय, सोडवत नाही.’ मी त्यांना काही समजावायला गेले नाही. तो निर्णय त्यांचाच आहे, आणि त्याला उशीर लागणारच.

मला त्याहून जास्त काळजी वाटते ती स्त्रियांची. दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांनी २००४ आणि २००५ मध्ये क्लोन केलेल्या मानवी भ्रूणातून पेशी मिळवल्याचा दावा केला. देशानं त्यांना डोक्यावर घेतलं. दावा खोटा निघाला, शोधनिबंध मागे घेतले गेले. पण खोट्यापेक्षा मला टोचतं ते हे, की त्यासाठी बीजांडं देणाऱ्यांत त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ मुली होत्या. वरिष्ठाला ‘नाही’ म्हणणं त्यांना शक्य होतं का? आपल्या कायद्यानं आता बीजांड आयुष्यात एकदाच देता येतं, हे चांगलं झालं.

या भांडणातून एक सुंदर वाटही निघाली. क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या साध्या पेशीत चार जनुकं घालून ती भ्रूणपेशीसारखी करून दाखवली. भ्रूणाला हात न लावता. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्याबरोबर मिळालं. २०२५ मध्ये पार्किन्सनच्या दोन छोट्या चाचण्यांचे निकाल एकदमच आले, एक क्योटोची अशा बदललेल्या पेशींची, दुसरी उत्तर अमेरिकेतली भ्रूणपेशींची. दोन्हींत पेशी आधी प्रयोगशाळेत, डोपामिन हे या आजारात कमी पडणारं रसायन बनवणाऱ्या चेतापेशींच्या वाटेवर आणल्या होत्या, मगच मेंदूत ठरलेल्या जागी ठेवल्या. त्याच वर्षी टाइप १ मधुमेहाच्या बारा रुग्णांना प्रयोगशाळेत बनवलेल्या इन्सुलिन-पेशी दिल्या, वर्षानंतर त्यातल्या दहांना बाहेरून इन्सुलिन लागत नव्हतं. त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मात्र घ्यावी लागतात. हे सगळं वाचून मला आजही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीसारखा आनंद होतो. म्हणूनच याच शब्दाच्या नावावर कोणी तुमची जमीन विकायला लावतं तेव्हा इतका संताप येतो.

नाळेच्या बँकेचं. स्वतःच्या नाळेचं रक्त स्वतःलाच लागण्याची वेळ फार क्वचित येते. थॅलेसेमियासारखा जन्मजात दोष असेल तर तो त्या रक्तातही असतो. घरात आधीच असं आजारी भावंड असेल तर नव्या बाळाचं नाळेचं रक्त जरूर ठेवावं, ते सोनं आहे. एरवी ‘जैविक विमा’ म्हणून ते विकणं मला पटत नाही, वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तत्त्वांनाही पटत नाही. ज्यांनी भरलं त्यांनी प्रेमापोटी भरलं, त्याची लाज वाटून घेऊ नका. पुढचे हप्ते बंद केले तर काय होतं, ते करारात बघा.

क्लिनिकला एवढंच विचारा : सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक द्या. चाचणी असेल तर पैसे कशाचे? चाचणी नसेल तर कोणत्या परवानगीनं करता? उत्तरं लेखी मागा. तोंडी आश्वासन घेऊन येऊ नका.

आणि जो पैसा उभा करणार होतात त्याचा थोडा भाग थेरपीला लावा, सलग, कंटाळा न करता. मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत ऑटिझमच्या मुलांना वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्यविम्याचं संरक्षण आहे, त्यात थेरपीचाही खर्च बसतो.

तुम्ही लिहिलंय की खरेदीदारानं इसार दिला आहे. इसार पावतीवर मुदत आणि व्यवहार मोडल्यास काय, हे लिहिलेलं असतं. ती पावती घेऊन आजच वकिलाकडे जा, आणि मिस्टरांना हे उत्तर जाण्याआधी वाचायला द्या.